दारू त्यांची, मीटिंग माझी

नवऱ्याला साखर निघाली, सासूबाईंचे गुडघे धरले, धाकटीच्या पोटात जंत झाले, तर आपण भाजी निवडता निवडता शेजारणीला सांगतो. ती मेथीचे दाणे भिजवायला सांगते, कुठल्या डॉक्टरांच्या हाताला गुण आहे ते सांगते, आणि दोन दिवसांनी "आता कसं आहे?" म्हणून विचारूनही जाते. पण घरात दारू असली, की त्याच ओट्यावर बसून आपण पावसापाण्याचं बोलतो. शेजारणीला काही माहीत नसतं असं थोडंच आहे? रात्रीचे आवाज भिंतीपलीकडे जातातच. मग तीही पावसापाण्याचंच बोलते.

केंद्र सरकारने दिल्लीच्या एम्सकडून देशभरातल्या व्यसनांची पाहणी करून घेतली होती. तिचा अहवाल २०१९ साली आला. दारूच्या पायी ज्यांना मदतीची गरज आहे अशी माणसे देशात सुमारे ५ कोटी ७० लाख आहेत, असे त्यात निघाले. आणि दारूच्या पुरत्या आहारी गेलेल्या ३८ जणांमागे जेमतेम एकाला कसले ना कसले उपचार मिळतात, असेही निघाले. बाकीचे सदतीस कुठे असतात? आपापल्या घरी असतात. त्यांच्या घरी बहुधा एक बायको असते, एक आई असते, पोरंबाळं असतात. त्यांतल्या बाईने कुठे जावे, हे सांगायला मी लिहायला बसले आहे.

लेखावर माझे नाव नाही, याबद्दल रागावू नका. ज्या मंडळींविषयी सांगणार आहे त्यांचा निनावी राहण्याचा नियम आहे. माझ्या नावावरून गाव कळेल, गावावरून ती खोली कळेल आणि खोलीवरून माणसं. त्या खोलीत ऐकलेले बाहेर सांगायचे नसते. म्हणून इथे माझे तेवढे सांगणार आहे, आणि ज्या तिघांनी "खुशाल लिही" म्हणून सांगितले त्यांचे.

आमच्या घरची गोष्ट तुमच्यापैकी कित्येकींना पाठ असेल, तेव्हा थोडक्यात सांगते. हे एका कारखान्यात हिशेबखात्यात आहेत. स्वभाव गरीब, मुलींवर जीव. लग्न झाले तेव्हा महिन्यातून एखाद्या वेळी मित्रांबरोबर घेत. मग दर शनिवारी. मग मार्चअखेरचं काम म्हणून रोज, आणि पुढे तो मार्च काही संपेना. मारहाण नाही, शिवीगाळ नाही. "मग तुझी तक्रार तरी काय?" असे मला माहेरी एकदा विचारले गेले. तक्रार ही, की संध्याकाळचे साडेसात वाजले की सासूबाई, मी आणि दोन्ही मुली फाटकाच्या कडीकडे कान लावून असायचो. कडी एकदाच वाजली तर जेवणं नीट होणार. दोन-तीनदा खडखडली, तर माझी सहावीतली मुलगी वह्या गोळा करून मुकाट्याने आतल्या खोलीत जाई. अकरा वर्षांच्या पोरीला कडीच्या आवाजावरून बापाचे पेग मोजता यावेत, ही तक्रार.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात ह्यांचे पोट दुखू लागले. तपासणीत लिव्हरचा रिपोर्ट बिघडलेला निघाला. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन दोन गोष्टी सांगितल्या, त्या तुम्हीही लक्षात ठेवा. पहिली अशी, की रोज भरपूर पिणाऱ्या माणसाची दारू घरच्या घरी एका दिवसात तोडू नये. देवाची शपथ घालून नाही, पैसे लपवून नाही, खोलीत कोंडून तर नाहीच नाही. शरीराला सवय झालेली असते. दारू एकाएकी थांबली की काही तासांत हात कापू लागतात, घाम सुटतो, झोप उडते. काहींना पहिल्या-दुसऱ्या दिवशी फिट येते. काहींना दोन-तीन दिवसांनी भ्रम होऊन नसलेली माणसं आणि किडे दिसायला लागतात, आणि त्यात जीवही जाऊ शकतो. तेव्हा रोजच्या पिणाऱ्याने सोडायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात मानसोपचाराच्या विभागात याची चौकशी करावी.

दुसरी गोष्ट त्यांनी चष्मा पुसत सांगितली. "औषधाने दारू अंगातून निघेल, वहिनी. डोक्यातून निघायला ए.ए.च्या मीटिंगा लागतात. आणि ते जात नसतील, तर तुम्ही जा."

मी म्हटले, "मी? मी कुठे पिते?"

"पीत नाही. पण तेरा वर्षं वास घेताय ना?"

ए.ए. म्हणजे 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस'. ॲनॉनिमसचा अर्थ निनावी. दारू सोडलेल्या आणि सोडू पाहणाऱ्या माणसांनी आठवड्यातून एकदा-दोनदा एकत्र बसायचे, आपापले अनुभव सांगायचे आणि घरी जायचे, एवढाच या मंडळींचा उद्योग. वर्गणी नाही, अर्ज नाही, हजेरीपट नाही. दारू सोडण्याची इच्छा असावी, ही एकच अट. मीटिंगमध्ये एक पिशवी किंवा डबा फिरतो, त्यात सभासद स्वखुशीने दहा-वीस रुपये टाकतात. चहा आणि खोलीचे भाडे त्यातून निघते. बाहेरच्या कुणाची देणगी घ्यायची नाही असा त्यांचा दंडक आहे, म्हणून माझी नोट मला प्रेमाने परत मिळाली. देवळाच्या दानपेटीनेही कधी असे केलेले नाही!

याची सुरुवात अमेरिकेत झाली. १९३५ सालच्या मे महिन्यात बिल विल्सन नावाचा, शेअरबाजारात वर येऊन दारूपायी धुळीला मिळालेला एक माणूस ॲक्रन नावाच्या परगावी अडकला होता. दारू सोडून पाच महिने झाले होते, ज्या कामासाठी आला ते फिसकटले होते, आणि हॉटेलातल्या बारमधून हसण्याखिदळण्याचे आवाज येत होते. त्याने बारकडे जाण्याऐवजी टेलिफोन गाठला आणि गावातल्या पाद्र्यांना एकामागून एक फोन लावले. मला एखादा दारुडा भेटवा, मला त्याच्याशी बोलायचं आहे! शेवटी गाठ पडली ती डॉ. बॉब स्मिथ या सर्जनशी. पंधरा मिनिटांपेक्षा जास्त थांबणार नाही म्हणून आलेला डॉक्टर कित्येक तास बोलत बसला. डॉक्टरने शेवटचा घोट घेतला तो १० जून १९३५ रोजी, आणि तोच ए.ए.चा वाढदिवस मानतात. एका पिणाऱ्याचे दुसरा पिणाराच ऐकतो, एवढी साधी गोष्ट त्या दोघांना सापडली होती. भारतात ए.ए. १९५७ सालापासून आहे.

पण आपल्या गावात ती सापडायची कशी? रस्त्यावर पाटी नसते. मी मोबाईलवर शोधले. ए.ए.च्या भारतातल्या संकेतस्थळावर गावांची यादी आणि फोन क्रमांक मिळतात. त्यांचे मुख्य कार्यालय मुंबईत आहे. एखादा नंबर कुणी उचलला नाही तर दुसरा लावावा, कारण पलीकडचा माणूसही कुठे तरी नोकरीवर असतो. सरकारची व्यसनमुक्तीसाठीची १४४४६ ही फुकट हेल्पलाइन आहे, तिथेही जवळच्या केंद्राची चौकशी करता येते. पुण्याचे मुक्तांगण तर आपल्याला ऐकून माहीत असतेच. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी ते १९८६ साली सुरू केले, आणि पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांचा मोठा हातभार त्याला लागला. तिथे व्यसनी माणसाच्या बायकोचाही विचार होतो. बायकांसाठी 'सहचरी' नावाचा गट आहे. पुण्याच्या आसपास राहणारीने तिथे अवश्य विचारावे.

मी फोन लावला तो दुपारी, मुली शाळेत आणि सासूबाई पडलेल्या असताना. सकाळी मी एका शाळेत शिशुवर्गाला शिकवते, साडेअकराला मोकळी होते. पलीकडे एक वयस्क आवाज होता.

"बोला ताई. कोण पितं?"

"आमचे हे."

"त्यांना यायचंय का?"

"नाही."

मला वाटले, आता म्हणतील की मग त्यांना समजावून आणा. पण ते म्हणाले, "बरं. तुम्हाला यायचंय का?"

नाव विचारले नाही, आडनाव तर नाहीच. (आपल्याकडे आडनाव न विचारता दोन मिनिटे बोलणारा माणूस मला पहिल्यांदाच भेटला.) त्यांनी सांगितले की मीटिंगा दोन तऱ्हेच्या असतात. 'क्लोज्ड' मीटिंगला फक्त ज्याला स्वतःची दारू सोडायची आहे त्याने यायचे. 'ओपन' मीटिंगला घरची माणसं आली तरी चालतात. महिन्यातल्या शेवटच्या शनिवारी ओपन असते, संध्याकाळी साडेसहाला, नगरपालिकेच्या शाळेत. "आमच्या मिसेस फाटकापाशी थांबतील. हातात निळी पिशवी असेल. त्यांना ओळखायची गरज नाही, त्या तुम्हाला ओळखतील."

"कसं काय?"

"पहिल्यांदा येणारी बाई शाळेवरून दोनदा पुढे जाते आणि परत येते. त्यांना सवय आहे."

घरी मी खरे सांगून निघाले. सासूबाईंनी विचारले, "कुठे चाललीस दिवेलागणीला?" मी म्हटले, "आई, दारू सोडलेल्या लोकांची सभा असते, तिथे." त्या काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने म्हणाल्या, "छत्री ने."

खोली पहिलीच्या वर्गाची होती. भिंतीवर अननसापासून ज्ञानेश्वरांपर्यंतची अक्षरं, आणि त्यांच्या शेजारी खिळ्याला तासाभरासाठी टांगलेला एक कापडी फलक, त्यावर ए.ए.च्या बारा पायऱ्या. बाक एवढे बुटके की मोठमोठ्या माणसांचे गुडघे हनुवटीला लागत होते. चौदा-पंधरा माणसं असतील. माझ्या डोळ्यांपुढे अंगाला वास मारणारे, दाढी वाढलेले लोक होते. प्रत्यक्षात इस्त्रीचे शर्ट, केसांना तेल, एकाच्या हातात भाजीची पिशवी. आणि एक बाई होती, ती कुणाची नातेवाईक नव्हे, स्वतःची दारू सोडायला आलेली. बायका पीत नाहीत, हा आपल्या मध्यमवर्गाचा समज किती भाबडा आहे!

दोन मिनिटे शांतता, मग एक छोटी प्रार्थना, मग त्या दिवशीचा चेअरमन कार्ड पाहून संघटनेची माहिती वाचतो. मग एकेक जण बोलायला उठतो. आपले पहिले नाव सांगतो, "मी अल्कोहोलिक आहे" म्हणतो, सगळे मिळून नमस्कार करतात, आणि तो बोलू लागतो. याला शेअरिंग म्हणतात. कुणी मध्ये बोलत नाही, सल्ला देत नाही, "असं करायला नको होतं" म्हणत नाही. काय बोलले ते सांगणार नाही. एवढे सांगते की लोक हसत होते. स्वतःच्याच फजितीवर पोट धरून हसत होते, आणि पुढच्याच वाक्याला खोली गप्प होत होती. आमच्या घरी दारूवरून कुणी हसले त्याला कितीतरी वर्षं झाली होती.

माझी पाळी आली तेव्हा "बोलायचं नसेल तर नुसतं नमस्कार म्हणा, तेवढं पुरे" असे निळ्या पिशवीवाल्या बाई कानात म्हणाल्या. मी तेवढेच म्हटले. चहा घेतला, बिस्किटे घेतली, घरी आले. साडेनऊला कडी खडखडली. म्हणजे मीटिंगने ह्यांच्यात काही फरक पडला नाही. पडणार तरी कसा? ते गेलेच नव्हते. फरक असा, की कडी वाजली तेव्हा आम्ही जेवून उठलो होतो.

हे जरा उलगडून सांगते, कारण त्या मीटिंगांतून मला मिळालेले हेच. निळ्या पिशवीवाल्या बाई मला पुढे म्हणाल्या, ही दारू तू लावलेली नाहीस, ती तुझ्या ताब्यात राहणार नाही, आणि तुला ती बरी करता येणार नाही. पुढची दोन वाक्ये ऐकायला कडू आहेत, पण पहिल्या वाक्याने माझ्या खांद्यावरचे ओझे उतरले. माझा स्वयंपाक चविष्ट असता, मी जरा गोड बोलले असते, मुलगा झाला असता तर... ही यादी प्रत्येकीकडे असते, ती फाडायची. आणि जे आपल्या हातात आहे ते करायचे. मुलींची जेवणं आठाला माझ्या हातात होती. ह्यांचे ताट झाकून ठेवणे माझ्या हातात होते. सासूबाईंना पहिले आठ दिवस ते रुचले नाही. "पुरुषमाणूस जेवायचा राहिलाय आणि घर जेवतंय!" नवव्या दिवशी त्यांनीच धाकटीला हाक मारली, "चला गं, पानं घ्या."

आपल्या आधी एक बाई या वाटेने गेलेली आहे, तिच्याविषयी सांगायलाच हवे. बिल विल्सनची बायको, लुईस. १९१८ साली तिचे लग्न झाले. नवरा पीत होता ती कित्येक वर्षे तिने दुकानात नोकरी करून घर चालवले. नवऱ्याने दारू सोडली, सगळे आनंदीआनंद व्हायला हवे होते. तो संध्याकाळ झाली की मीटिंगला पळू लागला. एके दिवशी "आटप लवकर, उशीर होतोय" म्हणाला, तेव्हा लुईसने हाताला लागला तो बूट त्याच्यावर फेकून मारला! दारू गेली आणि हिच्या रागाला वाट मिळाली. तिने विचार केला, हे मला काय झाले? नवरे मीटिंगला बसत तेव्हा बायका स्वयंपाकघरात कॉफी करत, बाहेर मोटारीत वाट पाहत. त्याच बायका एकमेकींशी बोलू लागल्या. १९५१ साली लुईसने एका मैत्रिणीच्या मदतीने त्या सगळ्या विखुरलेल्या गटांना एकत्र जोडले. त्याचे नाव ॲल-ॲनॉन, पिणाऱ्याच्या घरच्या माणसांसाठीची संघटना. ए.ए.पासून ती वेगळी आहे. पिणारा पीत असो वा नसो, तो येवो न येवो, घरच्यांनी तिथे जायचे ते स्वतःसाठी.

आमच्या गावात ॲल-ॲनॉन नव्हते. पण पिणाऱ्यांचे दोन नातेवाईक जमले तरी गट सुरू करता येतो, असे कळले. शाळेच्या शिपायांना विचारून आम्ही शेजारची खोली मागून घेतली. आता दर शनिवारी तिकडे त्यांची मीटिंग आणि इकडे आमची.

त्या खोलीतल्या एकीची गोष्ट तिच्याच सांगण्यावरून लिहिते. 'पिणाऱ्याला न कळता दारू सोडवा' अशी जाहिरात तिने वाचली होती. भुकटी मागवली, आमटीत घातली. नवरा जेवला, नंतर बाहेर जाऊन प्यायला, आणि रात्री लालबुंद होऊन उलट्या, छातीत धडधड, रक्तदाब खाली. दवाखान्यात नेले म्हणून वाचला. भुकटीत काय होते ते कुणालाच कळले नाही. डायसल्फिरम नावाचे औषध खरेच आहे, आणि त्यावर दारू घेतली तर नेमकी अशीच अवस्था होते. म्हणून ते डॉक्टरांनी तपासून, पिणाऱ्याला सगळे नीट सांगून, त्याच्या संमतीने द्यायचे असते. चोरून तर कधीच नाही. चहात, आमटीत, प्रसादात काही घालण्याचा विचार कुणाच्या मनात असेल तर कृपा करून ती पुडी मोरीत ओता.

आणि आता आमच्या सासूबाई. श्रावणात एका शनिवारी मी निघाले तेव्हा त्या पायात चपला घालून उभ्या. "मीही येते. घरी बसून तरी काय करायचंय?" वय बहात्तर. खोलीत एक तास गप्प बसल्या. शेवटी म्हणाल्या, "आमचे हे जाऊन एकवीस वर्षं झाली. तेही प्यायचे. अजून रात्री साडेनऊला मी कडी ऐकते." एवढेच. मग डोक्यावरचा पदर सारखा करून बसल्या. मामंजी पीत असत हे मला त्या दिवशी कळले. तेरा वर्षं एकाच घरात, एकाच चुलीपुढे, आणि कडीकडे कान दोघींचे! येताना रिक्षात म्हणाल्या, "हे त्या तुझ्या मासिकात लिहायचं झालं तर लिही. माझं काय जातंय आता?"

ह्यांनी तोवर मीटिंगचे नाव काढले नव्हते. एकदा फक्त जेवताना विचारले, "तिथे माझ्याबद्दल काय सांगतेस?"

"तुमच्याबद्दल नाही सांगत. माझ्याबद्दल सांगते."

याचाच त्यांना जास्त राग आला असावा. पण आश्विनात एके दिवशी बँकेतून ह्यांचा चेक परत आला. सही जुळत नव्हती. हिशेबखात्यातला माणूस, आणि त्याची सही जुळत नाही! घरी येऊन कोऱ्या कागदावर सह्या करत बसले. दहा-बारा केल्या, एकीसारखी दुसरी नाही. कागद माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "त्या माणसाचा नंबर दे."

नंबर दिला. फोन त्यांनीच केला. सहा दिवस रुग्णालयात राहिले, गोळ्यांवर हात स्थिर झाले, सातव्या दिवशी संध्याकाळी एक जण स्कूटर घेऊन त्यांना न्यायला आला. पुढचे पाच महिने बरे गेले. मग पुन्हा मार्चअखेर. एका रात्री कडी तीनदा वाजली. याला तिथे 'स्लिप' म्हणतात. दुसऱ्या दिवशी दोघे जण येऊन ह्यांच्याजवळ बसले, चहा प्यायले, क्रिकेटवर बोलले आणि मीटिंगला घेऊन गेले. कुणी काही सुनावले नाही. मलाही सुनवावेसे वाटले नाही असे नाही हं! पण मी शेजारच्या खोलीत जाऊन सुनावले, आणि तिथल्या बायकांनी ते ऐकून घेतले. आज किती दिवस झाले ते मला माहीत आहे, पण तो हिशेब त्यांचा आहे. हा लेख त्यांनी वाचला. सहीचा प्रसंग खोडतील असे वाटले होते. त्यांनी फक्त दोन ठिकाणचे शुद्धलेखन सुधारले.

मीटिंग सगळ्यांना लागू पडते असे मी म्हणणार नाही. २०२० साली कॉक्रेन या संस्थेने सत्तावीस अभ्यास, दहा हजारांवर माणसे, यांचा एकत्रित आढावा घेतला. ए.ए.च्या वाटेला पद्धतशीरपणे लावलेली माणसे दारू पूर्ण सोडून राहण्याच्या बाबतीत इतर मानसोपचार घेतलेल्यांच्या बरोबरीने, काही बाबतींत थोडी पुढेच निघाली. म्हणजे ही नुसती भाबडी समजूत नाही. पण कुणाला तिथले देवाचे बोलणे खपत नाही. मुंबई-गोव्याकडे बऱ्याच मीटिंगा चर्चच्या किंवा त्यांच्या शाळांच्या खोल्यांतून भरतात, तेव्हा 'धर्म बदलायला लावतील' अशीही शंका घरचे काढतात. तसे काही नसते. खोली स्वस्तात मिळते म्हणून तिथे. 'आपल्या समजुतीप्रमाणे देव' एवढेच ते म्हणतात. ज्याला देव नको तो त्या जागी गटाला मानतो.

ज्या घरात मारहाण होते तिथली गोष्ट मात्र अगदी वेगळी आहे. मीटिंग हा त्यावरचा इलाज नाही आणि 'आजारी माणूस आहे' म्हणून मार सोसायचा नसतो. त्या वेळी ११२ लावावा. २००५ सालच्या कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या कायद्याखाली संरक्षण अधिकारी नेमलेले असतात, त्यांच्याकडे तक्रार करता येते, आणि राहत्या घरातून बाईला बाहेर काढता येत नाही. आधी जीव आणि मुलं सांभाळावीत, मीटिंग नंतर.

जायचे ठरवलेत तर फोनवर तीन गोष्टी विचारा. मीटिंग ओपन आहे का, कुठल्या भाषेत चालते, आणि नातेवाईक बायका येतात का. मोठ्या शहरांत मराठी, हिंदी, इंग्रजी वेगवेगळ्या असतात, म्हणून भाषा विचारायची. गावात कुणी ओळखीचे भेटेल अशी धास्ती असेल तर शेजारच्या गावची मीटिंग धरावी; कित्येक जणी तसे करतात. आणि ओळखीचे कुणी भेटलेच, तर तेही तिथे त्याच कामाला आलेले असते. रात्री बाहेर पडता येत नाही त्यांच्यासाठी फोनवरून, इंटरनेटवरून भरणाऱ्या मीटिंगाही आता असतात. कानाला यंत्र लावून भाकऱ्या करता करता एक जण ऐकते. एका मीटिंगवरून ठरवू नये, पाच-सहा तरी कराव्यात. पहिल्या दिवशी मला निम्म्या बोलण्याचा अर्थ लागला नव्हता.

आमच्या खोलीत सध्या सात जणी येतात. साडेसहाला सुरू होऊन साडेसातला सुटते, म्हणजे कुकर लावून गेले तर स्वयंपाक अडत नाही. बाक पहिलीच्या मुलांचे आहेत. सासूबाईंसाठी आम्ही घरून उशी नेतो. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी आपापली आणावी.